वापरलेली युद्धनौका: खरेदी, रिफिट आणि आधुनिकीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुकट मिळालेली युद्धनौका इतकी महाग कशी पडते?

‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ या रशियन विमानवाहू नौकेची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, पण ती अनेकदा अर्धवट सांगितली जाते. जानेवारी २००४ मध्ये भारत आणि रशिया यांच्यात करार झाला, तेव्हा जहाजाची किंमत शून्य होती. पैसे मोजायचे होते ते दुरुस्तीचे आणि फेरबदलाचे, ९७.४ कोटी डॉलर. ताबा २००८ मध्ये मिळणार होता. २०१० मध्ये हीच रक्कम २३५ कोटी डॉलरवर गेली आणि ‘विक्रमादित्य’ या नव्या नावाने ती नौदलाच्या हाती आली १६ नोव्हेंबर २०१३ रोजी.

एवढा फरक पडला तो अंदाज जहाज उघडण्याआधी बांधला गेल्यामुळे. १९८७ मध्ये सेवेत आलेल्या या जहाजाच्या बॉयलरखोलीत १९९४ मध्ये अपघात झाला आणि पुढची वर्षे ते जवळपास पडूनच होते. सेव्हेरोद्विन्स्कच्या सेव्हमाश गोदीत काम सुरू झाल्यावर एकेक भिंत, एकेक आवरण निघू लागले, तेव्हा कळले की जुन्या केबल ठेवण्यासारख्या नाहीत. सुमारे २,५०० कप्प्यांपैकी १,७५० च्या आसपास कप्पे नव्याने बांधावे लागले. आठही बॉयलर बदलले. शिवाय सेव्हमाश ही मुख्यतः पाणबुड्या बांधणारी गोदी. विमानवाहू नौकेचे एवढे मोठे रूपांतर तिनेही आधी केलेले नव्हते.

गोदीच्या भाषेत याला वाढीव काम म्हणतात आणि ते प्रत्येक रिफिटमध्ये, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्ती-फेरबदलात, निघते. वाढीव काम निघणार नाही असे गृहीत धरून केलेला करार खरेदीदाराला बांधून ठेवतो, कारण उघडलेले जहाज दुसऱ्या गोदीत नेता येत नाही. म्हणून करारातच पोलादाचा प्रति टन, केबलचा प्रति मीटर, पाइपचा व्यासानुसार प्रति मीटर दर ठरवून घ्यावा. मग वाद उरतो तो फक्त किती टन आणि किती मीटर एवढाच, आणि तो मोजून सोडवता येतो.

मग नौदले वापरलेली जहाजे घेतात तरी कशाला?

वेळ वाचतो आणि माणसे तयार होतात, म्हणून. आपल्याच नौदलाचा इतिहास पाहा. ब्रिटिशांची ‘अकिलीस’ १९४८ मध्ये ‘दिल्ली’ झाली, ‘नायजेरिया’ १९५७ मध्ये ‘म्हैसूर’ झाली. ‘हर्क्युलिस’चा सांगाडा १९४५ मध्ये पाण्यात उतरला होता, काम १९४६ मध्ये थांबले, भारताने तो १९५७ मध्ये घेतला आणि बेलफास्टला पूर्ण करून ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ म्हणून दाखल केला. ‘हर्मीस’ १९८७ मध्ये ‘विराट’ झाली आणि ६ मार्च २०१७ पर्यंत, म्हणजे जवळपास तीस वर्षे, आपल्या ताफ्यात राहिली. विमानवाहू नौका चालवायची कशी हे या दोन जहाजांवर शिकलेल्या माणसांमुळेच पुढची पावले टाकता आली. ही कमाई कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण सगळ्यात मोठी तीच.

‘विक्रांत’बाबत एक गोष्ट खास लक्षात घ्यावी. ती वापरलेली नव्हती, अपुरी होती. त्यामुळे तिरकी धावपट्टी आणि वाफेवरचे कॅटापल्ट (विमान फेकून उडवणारे यंत्र) हे बदल बांधकामातच सामावले गेले. बांधून झालेले जहाज फोडून हेच करायचे असते तर कितीतरी जास्त तोडफोड करावी लागली असती.

‘हॉट’ हस्तांतर आणि ‘कोल्ड’ हस्तांतर यांत फरक काय?

हॉट म्हणजे जहाज चालू अवस्थेत, जुन्या खलाशांच्या हातून नव्या खलाशांच्या हाती. सकाळी एक ध्वज उतरतो, दुसरा चढतो. यंत्रे गरम असतात, तेल फिरत असते, कोणत्या पंपाला काय खोड आहे हे सांगणारा माणूस तिथेच उभा असतो. अमेरिकेची ‘ट्रेंटन’ जानेवारी २००७ मध्ये ‘जलाश्व’ झाली ती याच प्रकारे.

कोल्ड म्हणजे पडून असलेले जहाज. ते उठवताना सील, गॅस्केट, रबरी होज, बेअरिंगमधले ग्रीस, विजेचे इन्सुलेशन यांपैकी जवळपास काहीच जसेच्या तसे वापरता येत नाही. किती वर्षे पडून होते यापेक्षा कसे पडून होते हे महत्त्वाचे. आत कोरडी हवा खेळती ठेवून, प्रोपेलरचा शाफ्ट ठरावीक दिवसांनी फिरवून, टाक्या रिकाम्या करून ठेवलेले जहाज दहा वर्षांनीही उठते. नुसते दोर बांधून खाऱ्या पाण्यात सोडलेले जहाज तीन-चार वर्षांत बिघडते. आर्द्रतेच्या नोंदी आणि शाफ्ट फिरवल्याच्या नोंदी मागाव्यात. त्या मिळाल्या नाहीत तर काळजी घेतलीच गेली नाही असे समजून किंमत लावावी.

खरेदीआधीच्या तपासणीत नेमके काय पाहायचे?

पहिली गोष्ट, सुकी गोदी. पाण्यात तरंगणाऱ्या जहाजाची तपासणी ही निम्मी तपासणी. विकणारा गोदी द्यायला तयार नसेल तर निदान पाणबुड्ये उतरवून तळाचे चित्रीकरण करून घ्यावे.

पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजतात. मूळ नकाशातली जाडी आणि आजची जाडी यांतली घट साधारण २० ते २५ टक्क्यांवर गेली की तो पत्रा बदलायच्या यादीत जातो. यात एक फसगत नेहमी होते. मोजणारा हात पोहोचेल तिथे मोजतो आणि गंज मात्र हात न पोहोचणाऱ्या जागी बसलेला असतो. तपासणी यादीत या जागा नावानिशी लिहाव्यात: बॉयलर आणि इंजिनांखालचा तळ, समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या पेट्या, नांगराच्या साखळीचा कप्पा, बॅलास्ट (तोल सांभाळणाऱ्या पाण्याच्या) टाक्यांचा वरचा भाग (तिथे पाणी आणि हवा आलटून-पालटून लागते), स्वयंपाकघर आणि स्नानगृहांच्या फरशीखालचा पत्रा, उष्णतारोधक आवरणामागची बाजू. आवरण काढायची परवानगी नसेल तर त्या जागेची जाडी ‘अज्ञात’ अशी लिहावी. ‘ठीक’ असे लिहू नये.

केबलचे इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासतात, पण एका कोरड्या दिवशी घेतलेला आकडा फसवा असतो. निदान तीन वेळा, त्यातही एकदा दमट हवेत मोजावे. वाकवल्यावर आवरणाला भेगा पडत असतील तर आकडा कितीही चांगला असो, ती केबल संपली.

शाफ्ट हाताने किंवा टर्निंग गिअरने फिरवून पाहावा, स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट जहाजाबाहेर पडतो त्या नळीच्या) बेअरिंगमधली मोकळीक मोजावी, गिअरबॉक्सची झाकणे उघडून दातांवर खड्डे पडलेत का ते पाहावे. गिअरबॉक्स सगळ्यांत कमी तपासला जातो आणि बदलायला सगळ्यांत अवघड तोच, कारण तो बाहेर काढायला डेक कापावा लागतो.

शेवटी कागद. जहाज बांधले तेव्हाचे नकाशे नकोत, आज ते जसे आहे तसे दाखवणारे नकाशे हवेत. तीस वर्षांत शेकडो फेरबदल झालेले असतात आणि त्यांतले बरेच कुठेही नोंदलेले नसतात. रिफिटमध्ये वाया जाणाऱ्या तासांचे एक मोठे कारण हे की नकाशात केबल एका बाजूला असते आणि जहाजात दुसऱ्या.

बंद टाकीत आणि मैलापाण्याच्या वाहिन्यांजवळ वायूची चाचणी केल्याशिवाय कोणालाही उतरवू नये. २००८ मध्ये ‘जलाश्व’वर विषारी वायू पसरून नौसैनिक मृत्युमुखी पडले. साचलेल्या मैलापाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला तर नाकाला वास येणेच बंद होते. वास येत नाही म्हणून आत जाणे, हीच ती चूक.

विकणारा देश काय काय काढून घेतो? अटी कोणत्या घालतो?

सांकेतिक संदेशयंत्रणा आणि शत्रू-मित्र ओळखणाऱ्या उपकरणांचा गुप्त भाग नेहमीच काढला जातो. बरेचदा क्षेपणास्त्रे आणि जवळच्या पल्ल्याची स्वयंचलित तोफही जाते. अमेरिकी तटरक्षक दलाचे १९६७ चे ‘हॅमिल्टन’ २०११ मध्ये फिलिपिन्सला मिळाले आणि ‘ग्रेगोरिओ देल पिलार’ झाले, तेव्हा ७६ मिलिमीटरची तोफ राहिली, पण फॅलँक्स ही जवळच्या पल्ल्याची स्वयंचलित तोफ आणि काही उपकरणे उतरवलेली होती.

काढलेल्या यंत्राची जागा रिकामी राहते आणि त्याच्या केबल कापलेल्या टोकांनी लटकत राहतात. ती टोके बंद करून, क्रमांक लावून द्यावीत अशी अट हस्तांतराच्या करारातच घालावी.

अमेरिकेत ३,००० टनांहून मोठी किंवा २० वर्षांहून कमी वयाची नौका दुसऱ्या देशाला द्यायला तिथल्या संसदेची कायद्याने मंजुरी लागते. वेळापत्रक आखताना हा काळ धरावा. मिळालेल्या नौकेच्या वापरावर आणि तिच्या पाहणीच्या हक्कावर अटी असतात. ‘जलाश्व’च्या अशा अटींवर आणि घाईच्या खरेदीवर आपल्या महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले होते. त्यात तथ्य होते असेच म्हणावे लागते. अट मान्य करायची की नाही हा सरकारचा निर्णय, पण सही करताना ती वाचलेली असली पाहिजे.

वाफेवर चालणारे जहाज घ्यावे का?

दुसरा पर्याय असेल तर घेऊ नये. वाफेच्या जहाजाला माणसे जास्त लागतात, सुरू व्हायला तास लागतात आणि ते चालवता येणारी पिढी जगभर निवृत्त होते आहे.

बॉयलरची नळी बहुतेक वेळा पाण्यामुळे जाते. फीडवॉटरमध्ये (बॉयलरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्यात) विरघळलेला ऑक्सिजन राहिला की नळीच्या आत खड्डे पडतात. कंडेन्सरची (वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राची) एक नळी गळून समुद्राचे पाणी आत आले की क्षार चढतात, नळीवर थर बसतो, थराखाली धातू तापतो आणि फुगून फाटतो. म्हणून वाफेचे जहाज घेताना बॉयलरइतकेच लक्ष कंडेन्सरकडे द्यावे आणि पाण्याच्या रासायनिक तपासणीची मागच्या निदान दोन वर्षांची वही मागावी. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ एका बॉयलरला तडा गेलेला असताना, कमी वेगावर, बंगालच्या उपसागरात लढली. ते खलाशांचे कौतुक, यंत्राचे नव्हे.

नवे बॉयलरही सुरक्षित नसतात. सप्टेंबर २०१२ मध्ये ‘विक्रमादित्य’ पूर्ण वेगाच्या चाचणीत असताना आठपैकी सात बॉयलर निकामी झाले. आतले उष्णतारोधक अस्तर ढासळले होते. भारताने ॲस्बेस्टॉस नको म्हटल्याने अग्निविटा वापराव्या लागल्या, असे रशियन बाजूचे म्हणणे होते. ॲस्बेस्टॉस नाकारणे योग्यच होते. पण अस्तराचा पदार्थ बदलला की त्याचे तापून फुगणे बदलते, त्याला धरणारे हुक आणि सांध्यांतल्या फटी बदलाव्या लागतात, आणि या बदलांची चाचणी किनाऱ्यावर किंवा धक्क्याला बांधलेल्या स्थितीत पूर्ण होत नाही. पूर्ण वेगाची सलग चाचणी होईपर्यंत बॉयलर स्वीकारू नये.

गॅस टर्बाइनची नौका असेल तर काम सोपे. एलएम २५०० सारखे टर्बाइन हवेच्या मार्गातून वर उचलून बदलता येते आणि ते जगभर वापरात असल्याने सुटे भाग मिळतात.

जुन्या जहाजावरची वीज आपल्या धक्क्याला जुळत नाही. काय बिघडते?

अमेरिकी जहाजे ४४० ते ४५० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतात. सोव्हिएत जहाजे ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झवर. आपल्या किनाऱ्यावर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ.

मोटरसाठी व्होल्ट आणि हर्ट्झ यांचे गुणोत्तर मोजावे. ४४० भागिले ६० म्हणजे ७.३, आणि ३८० भागिले ५० म्हणजे ७.६. दोन्ही जवळपास सारखे, म्हणून अमेरिकी मोटर सोव्हिएत विजेवर जळत नाही, नुसती हळू फिरते. पण तीच मोटर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झवर लावली की गुणोत्तर ८.३ होते. गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो, करंट वाढतो आणि मोटर तापते. शिवाय वेग सहापैकी पाच भागांवर आल्याने पंपाचा दाब सुमारे ६९ टक्क्यांवर येतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. म्हणजे आग विझवायच्या पंपाला वरच्या डेकवर पाणी पोहोचवता येत नाही, आणि तेही गोदीत वेल्डिंग चालू असताना, जेव्हा आगीचा धोका सगळ्यात जास्त.

उपाय एकच, धक्क्यावर फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर. तो जहाज यायच्या आधी बसवून तपासलेला हवा. रडार आणि जायरोला (दिशा दाखवणाऱ्या यंत्राला) लागणाऱ्या ४०० हर्ट्झचा संच वेगळा धरावा.

नवे रडार मास्टवर बसवले तर जहाज डोलते असे म्हणतात. खरे आहे का?

हिशेबच करून पाहा. ४,००० टनांची फ्रिगेट, तिचा गुरुत्वमध्य तळकण्यापासून ६ मीटरवर. मास्टवर २५ मीटर उंचीला १५ टनांचे नवे रडार आणि त्याचा चौथरा बसवला, तर गुरुत्वमध्य साधारण ७ सेंटिमीटर वर सरकतो. मेटासेंट्रिक उंची (कललेले जहाज परत सरळ होण्याच्या क्षमतेचे माप) ९० सेंटिमीटर असेल तर ती ८३ होते. भरपाई म्हणून तळात, १ मीटर उंचीवर, सुमारे ५७ टन बॅलास्ट टाकावे लागते. म्हणजे मास्टवरच्या १५ टनांपायी जहाज ७२ टनांनी जड झाले, पाण्यात आणखी बुडाले, वेग थोडा घटला. असे तीन-चार बदल झाले की पुढच्या रिफिटला काहीच जागा उरत नाही.

त्यात जुने जहाज कागदावर लिहिलेल्या वजनाचे कधीच नसते. रंगाचे थर, मेलेल्या केबल, नंतर जोडलेल्या खोल्या. म्हणून काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा कलण्याची चाचणी घ्यावी. वारा नसलेली वेळ निवडायची, दोर सैल सोडायचे, टाक्या एकतर काठोकाठ भरायच्या किंवा पूर्ण रिकाम्या करायच्या (अर्धवट टाकीतले पाणी एका बाजूला धावते आणि आकडा बिघडवते), जहाजावरची माणसे मोजून जागेवर उभी करायची. मग ठाऊक असलेले वजन आडवे सरकवायचे. वरच्याच जहाजावर १० टन वजन ६ मीटर सरकवल्यावर ५ मीटर लांबीचा ओळंबा ८३ मिलिमीटर हलला, तर मेटासेंट्रिक उंची सुमारे ९० सेंटिमीटर आहे. ओळंब्याचे टोक तेलाच्या बादलीत बुडवून ठेवावे, झोके लवकर थांबतात.

मेलेल्या केबल काढून टाकणे हा वजन कमी करायचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तरीही बहुतेक ठिकाणी जुन्या केबल तशाच ठेवून वरून नव्या ओढतात. ठेकेदाराला ओढायचे पैसे मिळतात, काढायचे मिळत नाहीत. दोन्हींचे दर लावावेत.

जुन्या नौकेवर नवी क्षेपणास्त्रे आणि नवी युद्धप्रणाली चढवून चांगले निकाल कोणी मिळवले?

तुर्कस्तान आणि चिली.

तुर्कस्तानने अमेरिकेच्या आठ पेरी वर्गाच्या फ्रिगेट घेतल्या आणि त्यांवर स्वतःची ‘जेनेसिस’ ही युद्धव्यवस्थापन प्रणाली बसवली. चार नौकांवर जुन्या मार्क १३ लाँचरच्या पुढे आठ नळ्यांचे मार्क ४१ उभे लाँचर घातले. एका नळीत ईएसएसएम नावाची चार विमानविरोधी क्षेपणास्त्रे मावतात, म्हणजे एकूण ३२. वर नवे स्मार्ट-एस रडार. यात शहाणपण हे की आधी संगणकप्रणाली स्वतःच्या हातात घेतली. प्रणालीचा कोड आपला असेल तर पुढचे प्रत्येक शस्त्र जोडायला मूळ विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागत नाही.

चिलीने ब्रिटनच्या तीन टाइप २३ फ्रिगेट २००५ मध्ये १३.४ कोटी पौंडांना घेतल्या. पंधरा वर्षांनी, तालकावानोच्या आपल्याच गोदीत, सी वुल्फ क्षेपणास्त्रांच्या जागी सी सेप्टर, नवे रडार आणि नवी युद्धप्रणाली बसवायला घेतली. आधी जहाज नीट वापरले, त्याच्या खोडी ओळखल्या, मग खोलात हात घातला. घाईने ताबा घेतानाच सगळे बदलायला जाणाऱ्यांपेक्षा हा क्रम खूप बरा.

तांत्रिक बाजूने सगळ्यात जास्त वेळ खाते ती समरेखा जुळवणी. रडार, तोफ, लाँचर आणि जायरो या सगळ्यांनी एकाच दिशेला शून्य म्हटले पाहिजे. जहाज सुक्या गोदीत ठोकळ्यांवर बसलेले असताना त्याचा सांगाडा ठोकळ्यांप्रमाणे किंचित वाकतो, पाण्यात उतरल्यावर वेगळा वाकतो. उन्हाने एक बाजू तापली की आणखी वेगळा. म्हणून शेवटचे मोजमाप पाण्यात तरंगताना, रात्री किंवा सूर्य उगवण्याआधी घ्यावे. दुपारी घेतलेल्या मोजमापावर तोफ बसवली की दोष गोळाबारीच्या चाचणीत दिसतो आणि सगळे संगणकावर संशय घेत बसतात.

शस्त्रे दुसऱ्या टप्प्यात बसवू, आधी जहाज तर येऊ द्या. हे चालेल?

रोमेनियाने २००३ मध्ये ब्रिटनच्या दोन टाइप २२ फ्रिगेट घेतल्या. मुख्य क्षेपणास्त्रे नव्हती, पुढे ७६ मिलिमीटरची तोफ होती, बाकीचे दुसऱ्या टप्प्यात होणार होते. तो टप्पा वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला. ‘विक्रमादित्य’ही सेवेत आली तेव्हा तिच्यावर स्वतःची हवाई संरक्षण क्षेपणास्त्रे नव्हती, ती नंतर बसली. दुसऱ्या टप्प्याचे पैसे पहिल्याच करारात बांधलेले नसतील तर तो टप्पा नाही असे समजून जहाजाची योजना करावी.

वापरलेली पाणबुडी घेणे वेगळे असते का?

फार वेगळे. पृष्ठभागावरच्या नौकेत पाणी आले तर पंप लावता येतो.

कॅनडाने १९९८ मध्ये ब्रिटनच्या चार अपहोल्डर वर्गाच्या पाणबुड्या घ्यायचे ठरवले. त्या १९९४ पासून बंद होत्या. चौथी, ‘शिकूटिमी’, स्कॉटलंडहून निघाली आणि ५ ऑक्टोबर २००४ रोजी तिच्यात आग लागून एका अधिकाऱ्याचा जीव गेला. वरची झाकणे उघडी असताना समुद्राचे पाणी आत आले आणि मुख्य विद्युतवाहिनीच्या सांध्यांपर्यंत पोहोचले. त्या सांध्यांवर पाण्यापासून वाचवणारी आवरणे हवी तेवढी नव्हती. बंद पडून राहिलेली पाणबुडी आणि सांध्यावरचे एक कमी आवरण, एवढ्यावर हे घडले. ती पुन्हा सेवेत आली २०१५ मध्ये.

पाणबुडी घेताना दाबसहन सांगाड्याचे वर्तुळाकार मोजमाप, त्यातून जाणारी प्रत्येक केबल आणि पाइपची जागा, बॅटरीचे प्रत्येक सेल आणि हायड्रोजन बाहेर काढणारी हवा या चार गोष्टी स्वतःच्या माणसांकडून तपासून घ्याव्यात. विकणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर पाण्याखाली जाऊ नये.

सुट्या भागांसाठी एक जास्तीचे जहाज घेणे योग्य आहे का?

हो, आणि ते सगळ्यात स्वस्त भांडार ठरते. तुर्कस्तानने आपल्या आठ पेरींसाठी ‘डंकन’ ही आणखी एक नौका केवळ भागांसाठी घेतली. अट एकच: काढलेला प्रत्येक भाग क्रमांकासह नोंदवायचा आणि तपासून भांडारात ठेवायचा. लागेल तेव्हा जाऊन उचकटायचे ठरवले तर दोन वर्षांत ते जहाज भंगार होते आणि हवा असलेला पंप कोणीतरी आधीच तोडलेला असतो.

थंड समुद्रातले जहाज उष्ण समुद्रात आणल्यावर काय होते?

इंडोनेशियाने पूर्व जर्मनीच्या ३९ नौका १९९२ च्या करारात घेतल्या. त्या बाल्टिकसाठी बांधलेल्या, जिथे पाणी थंड आणि कमी खारट. उष्ण कटिबंधात समुद्राचे पाणी ३० अंशांवर जाते. त्यामुळे कूलर लहान पडतात, इंजिनाला पूर्ण भार देता येत नाही, वातानुकूलन यंत्रणा उपकरणांची खोली थंड ठेवू शकत नाही. शिंपले आणि शेवाळ इतके भरभर वाढते की समुद्राच्या पाण्याच्या पेट्यांवरच्या जाळ्या वारंवार साफ कराव्या लागतात. कूलरचे क्षेत्रफळ, थंड पाण्याचे प्लांट आणि गंजरोधक ॲनोडचे वजन, हे तिन्ही आपल्या पाण्याच्या तापमानावर नव्याने मोजावे.

या खरेदीच्या खर्चावरून इंडोनेशियात इतका वाद झाला की त्याच्या बातम्या दिल्यानंतर १९९४ मध्ये ‘टेम्पो’सह तीन नियतकालिकांचे परवाने काढून घेतले गेले.

इंजिन नसलेला सांगाडा ओढून आणता येतो का?

येतो, पण विमा, हवामान आणि सामुद्रधुनीचे नियम आधी पाहावेत. ‘वर्याग’ या सोव्हिएत विमानवाहू नौकेचा अपुरा सांगाडा १९९८ मध्ये २ कोटी डॉलरना विकला गेला, मकाऊमध्ये तरंगता कॅसिनो करायचा म्हणून. तुर्कस्तानने त्याला बॉस्फरसमधून जाऊ द्यायला सोळा महिने लावले. नोव्हेंबर २००१ मध्ये तो निघाला, वादळात दोर तुटले, आणि मार्च २००२ मध्ये दालियनला पोहोचला. सप्टेंबर २०१२ मध्ये तो चीनची पहिली विमानवाहू नौका ‘ल्याओनिंग’ झाला. ओढण्याच्या प्रवासाआधी शाफ्ट बांधून टाकावेत, सुकाणू मधोमध कुलूपबंद करावे, तळाची प्रत्येक झडप बंद करून तिच्यावर पट्टी मारावी आणि पाणी चढल्याचा इशारा ओढणाऱ्या बोटीला दिसेल असा दिवा लावावा.

रिफिट चालू असताना खलाशी काय करतात?

गोदीतच असायला हवेत. केबल ओढली जाताना पाहिलेला इलेक्ट्रिशियन पुढची दहा वर्षे त्या जहाजाचा नकाशा असतो. परदेशात रिफिट असेल तर तिथली भाषा येणारी माणसे आणि हस्तपुस्तिकांचे भाषांतर यांचे पैसे अगदी पहिल्या अंदाजात धरावेत. व्हॉल्व्हवरच्या पाट्या तात्पुरत्या दोन्ही भाषांत लावाव्यात.

भाड्याने घेतलेली पाणबुडी याच प्रकारात येते का?

नाही. रशियाची ‘नेर्पा’ पाणबुडी २०१२ ते २०२१ या काळात ‘चक्र’ म्हणून आपल्याकडे होती, पण ती परत द्यायची होती. भाड्याच्या जहाजात खोल फेरबदल करता येत नाहीत.

भारत स्वतःही वापरलेल्या नौका देतो का?

देतो. ‘सरयू’ श्रीलंकेची ‘सयुरा’ झाली. ‘सिंधुवीर’ पाणबुडीचा रिफिट विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये करून ती २०२० मध्ये म्यानमारला दिली. ‘किरपान’ जुलै २०२३ मध्ये व्हिएतनामला चालू स्थितीत सोपवली. देणाऱ्याच्या भूमिकेत आल्यावर सुटे भाग आणि प्रशिक्षणाची जबाबदारीही येते.

आयुष्य संपल्यावर अशा जहाजाचे काय करायचे?

हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारायला हवा. ब्राझीलने फ्रान्सची ‘फॉश’ ही विमानवाहू नौका २००० मध्ये १.२ कोटी डॉलरना घेऊन ‘साओ पाउलो’ केली. वाफेच्या वाहिन्यांचे अपघात आणि आगी यांमुळे ती बहुतेक काळ धक्क्यालाच राहिली. भंगारात विकल्यावर आतल्या ॲस्बेस्टॉसमुळे २०२२ मध्ये तुर्कस्तानने तिला येऊ दिले नाही. परतल्यावर ब्राझीलमध्येही बंदर मिळाले नाही आणि ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ती अटलांटिकमध्ये बुडवण्यात आली.

जहाजे मोडण्याबाबतचा हाँगकाँग करार जून २०२५ पासून लागू आहे, पण युद्धनौका त्यातून वगळल्या आहेत. म्हणून घातक पदार्थांची यादी करायची सक्ती कोणी करणार नाही, ती खरेदीदारानेच करून घ्यावी: पाइपवरची आवरणे, गॅस्केट, जुन्या केबलमधले पीसीबी हे विषारी रसायन, शिशाचा रंग, फ्लोरोसंट दिव्यांतला पारा, धूर ओळखणाऱ्या उपकरणांतले किरणोत्सारी स्रोत. प्रत्येक कप्प्यात काय आहे, किती किलो आहे आणि कोणत्या वर्षी काय काढले, हे त्या यादीत भरत राहायचे. रिफिटमध्ये आवरण काढणारा कामगार श्वासातून काय आत घेणार आहे, हेही त्याच यादीतून कळते.